दहा नळांचा बार

खाणीत पाणी साचतं तसे बारमध्ये किस्से साचतात. रोज उपसले नाहीत तर कमरेपर्यंत येतात. मी जन्मभर कोळशाच्या खाणीत पंप चालवला. उपसायचं काम मला येतं, म्हणून लिहायला बसलो. शिक्षण चौथी. चुका असतील. खोटं नसेल.

एक आधीच सांगतो. मी पीत नाही. माझा बाप पिण्यात गेला, त्या दिवसापासून थेंब नाही. ही गोष्ट मी बारमध्ये कोणालाच सांगितलेली नाही. तिथे सगळे समजतात, कवडूभाऊला शुगर आहे. समजू दे.

पण बिअर ही काय चीज आहे, ते मी न पिता पाहिलं. पाहून थक्क झालो, हे कबूल करतो.

*

रिटायर झालो त्याच उन्हाळ्यात वसंतभाऊंनी बोलावलं. चंद्रपूरहून बल्लारपूरकडे जाताना त्यांचा बार लागतो. जिल्ह्यातली दारूबंदी उठली तेव्हा पुन्हा उघडलेला. त्यांनी नवीनच नळाची बिअर सुरू केली होती. नळ एकच. पण त्यातून फेसच फेस!

"कवडूभाऊ, बकेटभर फेस निघून राह्यला अन् बिअर घोटभर नाई! कंपनीचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला."

मी बिअरच्या पिंपाला हात लावला. तापलेलं.

"हे कवा आलं?"

"आत्ताच. नागपूरवरून, ट्रकमधी."

मे महिना. रस्ता आपला. पिंप सगळ्या वाटेनं उड्या मारत आलेलं.

"मंग त्याले झोपू द्या," मी म्हणालो. "एक दिवस थंडीत ठेवा. कोणी हात लावू नका."

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी नळ उघडला. ग्लासात पिवळंधमक ऊन उतरलं! वर दोन बोटं फेस, तोही सायीसारखा. खाणीत मी लाखो बादल्या पाणी वर काढलं असेल, पण असं काही पाइपातून निघताना पाहिलं नव्हतं. बघतच राहिलो.

"कवडूभाऊ, हे तुमाले कोणी शिकवलं?" वसंतभाऊंनी विचारलं.

"चार लेकरं वाढवली," मी म्हणालो.

त्या दिवसापासून नळ माझ्याकडे आले. पिंप लावणं, गॅस बघणं, पाइप धुणं.

*

मग वसंतभाऊंचा मुलगा बंटी पुण्याहून शिकून परत आला. आला तो दहा नळ घेऊनच आला! काळी बिअर, गव्हाची बिअर, संत्र्याची बिअर, आंब्याची बिअर. भिंतीला एका ओळीत दहा चकचकीत दांडे. मेनू पुस्तकाएवढा.

भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतले एक साहेब पहिल्याच दिवशी आले. चष्मा लावला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मेनू वाचला. मग परत मागे गेले. बंटी हात बांधून उभा. त्याला वाटलं, आला एकदाचा जाणकार.

साहेबांनी मेनू मिटला. चष्मा काढला.

"यातली थंडी कोणती हाय?"

*

गडचिरोलीकडचे एक मास्तर यायचे. तिकडे दारू बंद. महिन्यातून एकदा कामासाठी एसटीनं चंद्रपूरला यायचे, एक ग्लास घ्यायचे आणि एसटीनंच परत जायचे. कडक माणूस. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही.

दहा नळ लागल्यावर ते पहिल्यांदा आले. दारातच थांबले. चपला काढल्या!

"मास्तर, चपला राहू द्या जी," मी म्हणालो.

त्यांनी ऐकलंच नाही. अनवाणी नळांसमोर जाऊन उभे राहिले. डावीकडून उजवीकडे मोजले. उजवीकडून डावीकडे मोजले. 

"मी ज्या गावात शिकवतो," शेवटी म्हणाले, "तिथं पाण्याचे दोन हायेत."

*

आता खरी गोष्ट. नळाच्या बिअरचं पिंप एकदा उघडलं की काही दिवसांत संपवावं लागतं. नाहीतर ती मरते. मरते म्हणजे दिसते तशीच, पण चव जाते, आंबूस वास येतो. दहा पिंपं उघडी आणि लोक पिणार तीनचार! बाकीची नुसती उभी.

सात नंबरला संत्र्याची. ती कोणीच मागेना. बंटी ओतून टाकूही देईना.

"मामा, हळूहळू टेस्ट डेव्हलप होते." बंटी मला मामा म्हणतो.

"कोणाची? पिंपाची?"

एक दिवस बघतो तर सात नंबरचं पिंप अर्धं झालेलं! बंटी हवेत. सगळ्यांना सांगत सुटला, बघा, संत्रा चालून राह्यला. मी गुपचूप पाइपावर नजर ठेवली. आमचा आचारी सुखदेव पातेलं घेऊन आला, सात नंबर उघडला, पातेलं भरलं आणि किचनमध्ये गेला.

बेसन त्यात भिजवत होता. आणि भजे असे फुलत होते, की लोक वेटरला सांगायचे, "ते सात नंबरचे आण!"

"पाहा मामा," बंटी म्हणाला, "सात नंबर फेमस झाला का नाई?"

"झाला. त्याले नळावरून कढईत हलव."

*

पण पुढे हसण्यासारखं राहिलं नाही.

आलापल्लीला जंगल खात्यात नोकरी केलेले एक गृहस्थ. सागवानासारखा ताठ माणूस. दारूबंदीच्या आधीपासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी नऊ नंबरचा ग्लास घेतला. एक घोट घेतला. ग्लास शेजारच्या कुंडीत रिकामा केला, टेबलावर पालथा घातला आणि निघून गेले.

वसंतभाऊंनी तो पालथा ग्लास दिवसभर तिथेच ठेवला. कोणाला उचलू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बोलावलं.

"असा अजून एक ग्लास पालथा झाला, तर सगळेच नळ काढून फेकतो. बाटल्या विकीन. बाटलीत माही इज्जत तरी झाकून राहते."

बंटी म्हणाला, "बाबा, दहा नळ हे आपलं नाव हाय. चंद्रपुरात कोणाकडं नाई."

"तुमी बोला, कवडूभाऊ."

"चार," मी म्हणालो. "पहिले चार. लोक तेच पितात, ते ताजे राहतात. बाकीचे मेले."

"मामा, तुमी तर पीतबी नाई. तुमाले काय समजते?"

मला राग आला. राग आला की मी कमी बोलतो. पाना काउंटरवर ठेवला.

"माह्या चारातला एक जरी खराब निघाला तर मी घरी जातो. परत येणार नाई."

हे बोलून गेलो. बोललं ते बोललं.

*

आज बारमध्ये चार नळ आहेत. ते कसे राहिले, ते सांगतो.

कोणती बिअर चांगली, कोणती मेलेली, याची पारख कोण करणार, यावर अडलं. बंटीचे मित्र बंटीचे. गिऱ्हाईक लेबल बघून बोलणार. तेव्हा सुखदेव मध्ये पडला.

"माहा मामा आला हाय. रैनूबाबा. त्याले विचारा."

रैनूबाबा भामरागडकडच्या जंगलातला. माडिया. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरला आलेला. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं अंधुक. बारच्या मागच्या अंगणात मोहाचं झाड आहे, त्याखाली बसून असायचा. दिवसभर कोणाशी बोलायचा नाही.

"त्यानं जिंदगीत बिअर पेली हाय का?" बंटीनं विचारलं.

"नाई. पण मोहाची काढली तर दहा गावांतून लोक येतात."

"त्याले दिसत नाई!"

"मंग बरंच हाय," वसंतभाऊ म्हणाले. "लेबल पाहणार नाई."

दुपारची वेळ. बार रिकामा. बंटीनं दहा ग्लास भरले, खाली नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, पत्त्यांसारखे पिसले. झाडाखाली बाकावर मांडले. माझी मान ताठ होती. सकाळीच मी चार नंबरचा पाइप पावडरनं धुतला होता. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत सोडलं होतं. खाणीचा नियम, पाणी स्वच्छ दिसलं की पाइप साफ.

रैनूबाबानं पहिला ग्लास उचलला. नाकाजवळ नेला. उठला, झाडाच्या बुडाशी गेला आणि मातीत चार थेंब सोडले.

"हे आजाले," तो म्हणाला.

त्यांच्याकडे तसंच असतं. पिण्याच्या आधी थेंब पुरख्यांना, म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांना. ते घेतील, मग आपण.

दुसरा ग्लास उचलला. वास घेतला आणि बाजूला ठेवला. थेंब नाही.

"काऊन बाबा?" बंटीनं विचारलं.

"असं पुरख्याले देत नाई."

तिसराही बाजूला. चौथा झाडाखाली, "हे आजीले." पाचवा बाजूला. सहावा बाजूला. सातवा हातात घेतला, सुखदेवाकडं तोंड केलं, "यानं तू काय तळतो?" सुखदेव लाजला. सातवाही बाजूला. आठवा झाडाखाली, "हे मोठ्या भावाले." नववा बाजूला.

बंटीनं चिठ्ठ्या बघितल्या. झाडाखाली गेलेले तिन्ही माझे! एक, दोन, तीन. बाजूला ठेवलेले सगळे बंटीचे. बंटीचा चेहरा उतरला. उरला दहावा ग्लास. तो चार नंबरच असणार. मी काउंटरकडे वळायला लागलो होतो.

रैनूबाबानं वास घेतला. परत घेतला. परत घेतला.

ग्लास बाजूला ठेवला.

"हे धुतलेलं हाय," तो म्हणाला.

वसंतभाऊंनी तो ग्लास चाखला आणि थुंकला. "पावडर!"

पाणी स्वच्छ दिसत होतं. पण मी ते तोंडात घेऊन पाहिलं नव्हतं. खाणीत कोण घेतं?

मी आत गेलो. पाना आणला. वसंतभाऊंच्या हातात दिला.

"चाललो जी."

बंटी खाली मान घालून उभा होता. मी चपला घातल्या.

"उद्या दे," मागून रैनूबाबा म्हणाला.

"काय?"

"हे उद्या दे. आज धुतलं. उद्या होते."

वसंतभाऊंनी पाना परत माझ्या हातात ठेवला. "उद्यापर्यंत थांबा, कवडूभाऊ."

त्या दिवशी सुखदेवकडून कळलं, की त्या तीन ग्लासांतलंही रैनूबाबानं काही पोटात घेतलं नव्हतं. डॉक्टरनं मना केलं होतं. थेंब दिले आणि ग्लास तसेच ठेवले. दहाच्या दहा नुसत्या नाकानं!

संध्याकाळपर्यंत मी चार नंबरमधून साधं पाणी सोडत बसलो. दर थोड्या वेळानं तोंडात घेऊन बघत होतो. पाण्याला पाण्याची चव लागली तेव्हा उठलो. नवीन पिंप लावलं. त्याला झोपू दिलं. बंटीनं स्वतः येऊन मला चहा दिला, आणि पाच ते दहाचे दांडे पाना घेऊन स्वतःच उतरवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रैनूबाबा दवाखान्यातून पट्टी बदलून आला. मोहाखाली बसला. मी चार नंबरचा ग्लास भरला आणि स्वतः घेऊन गेलो. जन्मात कोणाला मी पिण्याचा ग्लास दिला नव्हता.

त्यानं वास घेतला. उठला. झाडाच्या बुडाशी गेला. चार थेंब नाही, पूर्ण ग्लास हळूहळू मातीत सोडला. फेस मातीवर थांबला, मग आत गेला.

"हे कोणाले, बाबा?" मी विचारलं.

त्यानं पट्टीचा डोळा माझ्याकडे केला.

"तुह्या बापाले."