ओसरीवरचा वर्ग

शाळेतले किस्से खडूच्या भुकटीसारखे साठतात. कितीही झटका, पदराला थोडे चिकटून राहतातच. माझ्या पदराला राहिलेत ते बहुतेक गंगूबाईंचे. खरं सांगते, त्यांचा मला अजून हेवा वाटतो!

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. मी बी. ए. होऊन कोल्हारपासून दोन कोसांवरच्या एका लोकल बोर्डाच्या शाळेत रुजू झाले. पहिल्या दिवशी खटकलं ते अगदी लहानसं. हेडमास्तर वर्गातल्या पोरांच्या पाट्या हातात घेऊन तपासत. ओसरीवर बसणाऱ्या चौघांना मात्र म्हणत, "लांबूनच धरा!" ती चौघं वेशीबाहेरच्या वस्तीतली.

"एवढ्या लांबून दिसतं तुम्हाला?" मी भीत भीत विचारलं.

"चष्मा आहे की!"

*

त्या चौघांत सखू सगळ्यांत हुशार. मी रोज दारातून हाक मारायची, "सखू, आत ये." ती खाली मान घालून पाटी पुसत बसायची. मागून हेडमास्तर खाकरले, की दचकून मीच आत पळायची!

*

मग पालकांची मीटिंग बोलावली. समतेवरचं चार पानी भाषण वाचलं.

एक शेतकरी म्हणाला, "लई ग्वाड बोल्ल्या, बाई. आता बैलं पान्यावर नेऊ का?"

तेवढ्यात आत वर्गात बसणाऱ्या यमूची आई, गंगूबाई उठल्या. जन्मात कधी शाळेत न बसलेल्या. "खुरपायला सखूची आय माज्या शेजारी चालती. मंग माज्या यमीशेजारी सखू का न्हाई?"

मग तोच शेतकरी म्हणाला, "व्हय की!"

माझी चार पानं, त्यांची दोन वाक्यं! घरी येऊन मी भाषण चुलीत घातलं.

*

हेडमास्तर बधले नाहीत. दुसऱ्या दिवशी गंगूबाईंनी यमूला ओसरीवर सखूच्या शेजारी आणून बसवलं. "सखू आत न्हाई, तर यमी भायेर!"

इतकं सोपं! मला का नाही सुचलं? मला मुलगीच नाही ना, अशी मी मनाची समजूत घातली.

*

सखूनं माझं ऐकावं म्हणून एकदा शेंगदाण्याची वडी आणली. माझ्या हातानं तिच्या हातावर ठेवली. तिनं ती घेतली आणि पायरीशी उभ्या असलेल्या गंगूबाईंना विचारलं, "मावशी, खाऊ का?"

*

आठवड्याभरात एकेक पालक आपापलं पोर ओसरीवर बसवून गेला. आत उरलो मी, टेबल आणि फळा. अशात निरोप आला, आज इन्स्पेक्टरसाहेब येणार! हेडमास्तरांना घाम फुटला.

"बाई, पोरांना आत बोलवा. ती चार सोडून."

मी म्हटलं, "बोलावते. पण सखूपासून."

हेडमास्तर खाकरले. मी दचकले, पण जागची हलले नाही.

"सखू, आत ये!"

तिनं मान वर केली. गंगूबाई पायरीशीच होत्या. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. यमूला कोपरानं सरकवत म्हणाली,

"बाई, तुमीच भायेर या की. जागा हाय."