एका मताचा भाव

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या माझ्या रेस्टॉरंटात रोज जेवायला येणारे काका इथल्या उजव्या पक्षाचे जुने सभासद. कडक इस्त्रीचा ब्लेझर, त्यावर पक्षाचा बिल्ला, आणि घास गिळून झाल्याशिवाय तोंडातून शब्द नाही. "इमिग्रेशन आवरलंच पाहिजे," असं म्हणत ते माझ्या आचाऱ्याकडून दुसरं थालीपीठ मागवत. त्याच आचाऱ्याचा व्हिसा किमान पगाराच्या नव्या अटीमुळे वाढत नव्हता, म्हणून माझं डोकं कायम तापलेलं.

"काका, ही अट तुमच्याच लोकांनी आणली!"

"ओरडू नकोस. नवा नेता अजून निवडायचाय आम्हाला."

नेतेपदाचा एक उमेदवार सभासदांची मतं मागायला इथल्या हॉलमध्ये आला, तेव्हा काका मलाही घेऊन गेले. आचाऱ्यांसाठी अट सैल करणार का, असं त्यांनी सरळ विचारलं. उमेदवार गोड हसला. "सॉरी सर, सूट कुणालाच नाही."

मी भांडायला उठलो. काकांनी माझी बाही धरली, "राहू दे, चल," म्हणाले आणि अगदी सावकाश दाराकडे निघाले. त्यांच्यामागे त्यांचे गोरे मित्रही उठले. भाजीवालीकडे पाठ फिरवून आपण असेच निघतो, हे लक्षात आलं आणि मला हसू आवरेना.

"सर, एक मिनिट! आचाऱ्यांचा वेगळा विचार करता येईल!"

मी वळणार, तोच काका पुटपुटले, "मागे बघू नकोस. अजून उतरेल."