लाईट गेली तरी लाईट

आमच्या गच्चीवर सोलरची दोन पॅनल आहेत. प्रत्येकी एकशे पासष्ट वॉटची, म्हणजे कागदावर तीनशे तीस. मे महिन्यातल्या भर दुपारी ती मला दोनशेच्या आसपास देतात. पॅनलला ऊन हवं असतं, पण ते स्वतः तापलं की वीज कमी देतं, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. शिवाय पनवेलची धूळ. न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनर जे काही उडवतात, त्यातलं बरंचसं आमच्या काचेवर येऊन बसतं. दर रविवारी सकाळी सातच्या आत, काच गार असताना, मी ती ओल्या फडक्याने पुसतो आणि शनिवार दुपारचा आकडा रविवार दुपारच्या आकड्याशी ताडून बघतो. फरक पंधरा-वीस वॉटचा निघतो.

"एवढ्यासाठी तुम्ही तासभर गच्चीवर?" बायको विचारते.

"आपला नवा पंखा अठ्ठावीस वॉटचा आहे," मी सांगतो.

"मग अजून थोडं घासा. अख्खा पंखा निघेल."

खाली जिन्याखाली इन्व्हर्टर आणि एक बॅटरी. एवढ्यावर दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय सहज चालतं. फ्रीज मी त्यावर ठेवलेला नाही, आणि पाण्याच्या पंपाचा तर प्रश्नच नाही. ही यादी मला पाठ आहे. ती दुसऱ्या कोणाला सांगितली नव्हती, इथे माझी चूक झाली.

आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, एक ताई राहतात. मूळच्या उरणकडच्या, आगरी. घरच्या हळदीच्या जेवणांना त्यांच्या हातचं वाटण असलं तरच रस्सा, असा नातेवाइकांत दबदबा. एप्रिलमध्ये एकदा संध्याकाळी लाईट गेली. अख्खी गल्ली अंधारात आणि आमच्या घरात दिवे. ताई कंपाउंडपाशी उभ्या होत्या. मी जरा ऐटीत म्हणालो, "आमच्याकडे लाईट गेली तरी लाईट असते."

मराठीत या वाक्यात काहीच चूक नाही. गेलेली लाईट म्हणजे वीज आणि असलेली लाईट म्हणजे दिवा, असं माझ्या मनात होतं. पण आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो. ताईंनी दोन्हीकडे वीज ऐकली.

मे महिन्यात मोबाइलवर मेसेज आला: पावसाळ्यापूर्वीच्या कामांसाठी गुरुवारी सकाळी साडेनऊ ते पाच वीजपुरवठा बंद. मी बॅटरी भरलेली आहे ना ते बघितलं, वरच्या टाकीत पाणी चढवून ठेवलं आणि सुट्टी टाकून घरीच बसलो. पावणेदहाला दाराशी ताई. कडेवर मोठं पातेलं, मागून दुसरं पातेलं उचलून त्यांच्या सूनबाई, आणि पातेल्यावर उलटा ठेवलेला मिक्सर. दोन्ही पातेल्यांत भाजलेला कांदा आणि खोबरं. वास थेट माजघरात.

"भाऊ, कुठं लावू?"

"काय?"

"मिक्सर. वीस किलो वाटन हाय. चारला टेम्पो येनार."

मग कळलं ते असं. चारशे माणसांच्या हळदीची ऑर्डर होती, आणि घरच्या गोतावळ्याबाहेरची ही त्यांची पहिलीच. ज्या आचाऱ्याने ती मिळवून दिली त्याच्याकडे या मोसमातल्या आणखी तीन हळदी होत्या. वाटण जमलं तर त्या तीनही ताईंना. नाही जमलं तर आचारी दुसरी बाई बघणार. आणि आमच्या भागात हळदीचा रस्सा बिघडला तर लोक नवरीचं नाव विसरतात, पण वाटण कोणी केलं होतं ते वर्षानुवर्षं सांगतात.

"ताई, मेसेज तुम्हालाही आला असेल ना?"

"आलेला की. परवाच आला."

"मग काल का नाही करून ठेवलंत?"

"मे म्हैन्यात? ओल्या नारलाचं वाटन रात्रभर ठेवलं तर सकाली आंबतं. वीस किलो फ्रीजमंदी मावतं का?" त्यांनी आत येऊन मिक्सर ओट्यावर ठेवला. "आनि तुमी होता ना. म्हनून मी घाबरलीच नाय."

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पदर खोचला.

ताईंचा मिक्सर साडेसातशे वॉटचा. माझा इन्व्हर्टर जेमतेम सहाशे ऐंशी देतो. मला उत्तर माहीत होतं, तरी लावून बघितला. इन्व्हर्टरने तीनदा पीप केलं आणि सगळं घर बंद झालं.

"ही कसली लाईट?" ताई म्हणाल्या.

मी फरक समजावला. पाइपात पाणी आहे, पण पाइप बारीक आहे, असं काहीतरी बोललो. त्या ऐकत होत्या, पण तोंड उतरलं होतं. "तुमीच बोललेला ना, लाईट गेली तरी असते."

"बोललो होतो."

"समोरच्या काकांकडं तर गच्चीभर हायेत. दहा मोजली मी. त्यांच्याकडं जाऊ?"

समोरचे काका निवृत्त आहेत आणि त्यांच्याकडे खरोखरच दहा पॅनल आहेत. पण त्यांची यंत्रणा बाहेरच्या तारांना जोडलेली आणि बॅटरी नाही. बाहेरची वीज गेली की तीही आपोआप बंद होते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसेल. एवढं ऊन डोक्यावर असताना काका त्या क्षणी वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते. ताई तरी जाऊन आल्या. "बसलेत घामाघूम," परत येऊन म्हणाल्या. "मलाच विचारतात, लाईट कधी येनार."

ताईंच्या बहिणीच्या घरी, उरणला मोरा बंदराजवळ, वीज होती. पण त्या रस्त्याला ट्रेलर अडकले की दोन तास जायला आणि दोन तास यायला. मसाल्याच्या कांडपवाल्याकडे जनरेटर होता, पण तो ओलं वाटण मशिनला लावू देत नाही. म्हणजे जे काही करायचं ते आमच्याच ओट्यावर.

आमचा मिक्सर जुना, चारशे वॉटचा, भांडं लहान. मी कागद घेतला. एका भांड्यात पाव किलो, म्हणजे ऐंशी भांडी. एका भांड्याला दोन मिनिटं. दर भांड्याला, इन्व्हर्टरची गळती धरून, सोळा वॉट-तास. असे हजार झाले की बिलावरचं एक युनिट होतं. ऐंशी भांड्यांना बाराशे ऐंशी.

आता जमा बाजू. बॅटरी नवी होती तेव्हा अठराशेची. चार वर्षांनी अकराशेची उरली आहे, हे मी मार्चमध्ये मोजलं होतं. त्यातली निम्मीच वापरायची हा माझा नियम, कारण अशी बॅटरी वरचेवर तळाला नेली की लवकर मरते. म्हणजे साडेपाचशे. पॅनलकडून तीन वाजेपर्यंत, घट वजा जाता, साडेसातशे. एकूण तेराशे.

"जमतंय," मी म्हणालो. "वीस उरतात."

"वीस म्हणजे किती?" बायकोने विचारलं.

"सव्वा भांडं."

ताई हसल्या. त्या सकाळी पहिल्यांदाच. "भाऊ, माज्या सासूनं पन एवढा हिशोब नाय केला कदी."

पंखे बंद, वायफाय बंद, दिवे तर बंदच. साडेदहाला सुरुवात केली. सूनबाई भांडं भरणार, बायको मिक्सर धरणार, ताई वाटण बोटावर घेऊन बारीक झालं का बघणार. मी जिन्याखाली इन्व्हर्टरवरच्या व्होल्टच्या आकड्यासमोर स्टूल टाकून बसलो. दोन मिनिटं मिक्सर, दीड मिनिट विश्रांती. विश्रांती मोटर थंड व्हायला, पण त्या दीड मिनिटात पॅनल बॅटरीत थोडं परत टाकायची. हे जमलेलं गणित बघून मला फार बरं वाटत होतं.

"बारा पॉइंट एक!" मी जिन्याखालून ओरडायचो.

"कितवी ओव्हर?" बायको आतून.

एक्केचाळिसाव्या भांड्याला मिक्सर बंद पडला. तळाचं लाल बटण बाहेर आलं होतं. मोटर तापली की ते येतं, आणि गार झाल्याशिवाय आत जात नाही. सूनबाईंनी त्याला पुठ्ठ्याने वारा घातला. वीस मिनिटं गेली. त्याच सुमारास ऊन पिवळं पडलं. वर जाऊन बघितलं तर कर्नाळ्याच्या बाजूने पातळ ढग सरकत आले होते. उघड्या डोळ्यांना ऊनच वाटत होतं, पण पॅनल दोनशेवरून नव्वदवर आलेलं. आमचं सव्वा भांडं तिथेच संपलं.

तीनला दहा मिनिटं असताना अडुसष्ट भांडी झाली होती. बारा बाकी. त्यातच पॅनलवर सावली आली. पॅनलचा एक कोपरा झाकला तरी सगळ्याचीच वीज घटते.

"कसली सावली?" ताईंनी विचारलं.

"तुमच्या टाकीची. रोज याच वेळेला येते."

"आजवर बोलला नाय ते? मंग पाडू का टाकी?"

"आज नको. चारला टेम्पो आहे."

मी आकडा बघितला. माझ्या नियमाच्या रेषेपर्यंत चार भांडी होतील एवढंच शिल्लक होतं. मी आत जाऊन तसं सांगितलं. खरं सांगायचं तर जरा अधिकारवाणीनेच सांगितलं, बॅटरीला कसं जपावं लागतं ते.

ताईंनी पातेल्यातून अंदाजाने किलोभर कांदा-खोबरं एका परातीत काढलं, घरी गेल्या, आणि दोन मिनिटांत भिंतीपलीकडून पाटा धुतल्याचा आवाज आला. मग वरवंटा सुरू झाला. त्यांचा उजवा खांदा दुखतो हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

"किलो म्हणजे चार भांडी गेली," मी बायकोला म्हणालो. "आठ राहिली. चार नियमात बसतात."

"आणि उरलेली चार?"

मी जिन्याखालच्या बॅटरीकडे बोट दाखवलं.

"ती बॅटरी चार भांड्यांनी मरते का हो?"

नाही मरत. एकदा खाली गेली आणि त्याच दिवशी पुन्हा भरली तर काही बिघडत नाही. वरचेवर नेली तर बिघडते. हे मीच वाचलेलं, मीच लोकांना सांगितलेलं. चार भांडी म्हणजे चौसष्ट वॉट-तास. ताई माझ्या ज्या वाक्यावर विसंबल्या होत्या, त्यात नियम, रेषा वगैरे काही नव्हतं.

"लाव," मी म्हणालो.

शेवटच्या चार भांड्यांना मी आकडा न बघता बसलो. म्हणजे दोनदा बघितला. तीन पस्तीसला मिक्सर थांबला. वरवंटा अजून चालूच होता. बायको पलीकडे गेली आणि दोघींनी मिळून उरलेलं संपवलं. पाट्यावरचं वाटण मिक्सरच्या वाटणात घालताना ताई म्हणाल्या की ते वर टाकायचं, म्हणजे आचारी झाकण उघडल्या उघडल्या तेच बघेल. टेम्पो चार वीसला आला. ड्रायव्हरने उशिराबद्दल आमच्याकडेच बोट दाखवून बघितलं, पण ताईंनी त्याला असं काही ऐकवलं की तो पातेली उचलायलाही उतरला. त्या स्वतः पातेल्यांसोबत मागे बसून गेल्या.

वीज पाचला यायची ती पावणेसातला आली. तोवर आम्ही दोघं पंख्याविना दारात बसून होतो, कारण बॅटरीला हात लावायची माझी छाती नव्हती. आली तसा मी जिन्याखाली गेलो आणि ती चार्ज व्हायला लागली याची खात्री करून घेतली.

रात्री दहाला बायकोच्या फोनवर ताई. मागे हळदीचा बँजो इतका मोठा की मला तो खुर्चीवरून ऐकू येत होता.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

बायकोने हाताने थांबवलं. मोठ्याने "काय? काय?" करत ऐकलं. मग तिचा चेहरा खुलला. "पुरलं म्हणतायत. चारशेच्या जागी साडेचारशे आले, तरी पुरलं. आचाऱ्याने पुढच्या आठवड्याचं पण सांगितलंय."

"उरलं किती ते विचार."

तिने फोन ठेवून दिला.