चादरीखालचा अजगर

हातात तापलेली इस्त्री आहे आणि समोरचं कापड हललं. काय कराल? शूरपणाच्या गप्पा नकोत, खरं सांगा.

जिन्याखालच्या खोलीत इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या कडक मावशीवर ही वेळ आली. नाव पडलं ते तिच्या हातच्या कॉलरींवरून, पण जिभेलाही शोभायचं. कुणाचं घरात बिनसलंय, कोण मुलाखतीला निघालंय, सगळं तिला कपड्यांवरून कळे. झालेल्या कपड्यांची चळत ती जुन्या चादरीखाली झाकून ठेवायची. ऊब टिकते, घडी बसते. सासूने घालून दिलेली रीत.

त्या आठवड्यात इमारतीत कुजबुज होती. कुणाला पाइपावर सापाची शेपटी दिसली होती, कुणाला गच्चीवर, आणि सांगणाऱ्यागणिक शेपटी हातभर वाढत होती. दाराआड काठ्या आल्या. जनावर कुणाचं, हे मात्र कुणी कबूल करेना. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू पोरगा, ज्याला सगळे हेडफोन म्हणत, दुकानात उगाच घुटमळून गेला. इकडे काही दिसलं का, असं त्याने चाचरत विचारलं. काय हरवलंय, बटण? मावशी म्हणाली. हो म्हणून तो सटकला.

पुढच्याच दुपारी मावशीने चादर उचलली. चळतीवर पिवळसर, पांढरं, चकाकतं काहीतरी गुंडाळून पडलेलं. कपडे आणणं-पोचवणं नणंदेकडे होतं, आणि न झालेलं कापड झालेल्यात कोंबायची तिला खोडच होती. मनातल्या मनात नणंदेचा उद्धार करत मावशीने सवयीने त्या रेशमावर पाण्याचा हबका मारला आणि इस्त्री उचलली.

रेशमाने श्वास घेतला.

मावशीचा हात जागच्या जागी थिजला. वेटोळ्याची एक कड सावकाश दुसरीवरून सरकली, ना आवाज, ना घाई. अंगावरचे थेंब मोत्यांसारखे घरंगळले. मग डोकं वर आलं. तांबूस डोळे, पापणी नाही. त्या डोळ्यांत राग नव्हता, भीती नव्हती, मावशीची दखलसुद्धा नव्हती. जन्मभर तिने कापडं हाताळली; जरी, मलमल, लग्नातले कोट. पण असं विणकाम तिने पाहिलं नव्हतं. एक खवला दुसऱ्यावर असा बसलेला, की टाका शोधून सापडू नये. तिने न बघताच प्लग ओढला.

नणंद दारात आली आणि ओरडायला तिने तोंड उघडलं. मावशीने ओठांवर बोट ठेवलं.

"ओरडलीस तर काठ्या येतील. त्या हेडफोनला बोलाव. म्हणावं, बटण सापडलं."

पोरगा धापा टाकत आला आणि चळतीपाशी मटकन बसला. अजगर बिनविषारी होता, पिल्लू असल्यापासून त्याने वाढवलेला. पेटीची कडी नीट लागली नव्हती. मग बोलला का नाहीस? तर म्हणे, पालिका असली जनावरं पाळायला बंदी आणतेय, घरमालक बाहेर काढेल, आणि याला ठेचतील.

"आणि मी याला भाजला असता, मग?" मावशी म्हणाली. "नाहीतर यानं कुणाच्या पाळण्यात जाऊन वेटोळं घातलं असतं. तेव्हाही बटणच शोधत बसला असतास?"

हात लावून बघा, एवढंच तो पुटपुटला. मावशीने बोटं टेकवली. ओलं, बुळबुळीत लागेल असं तिला वाटलं होतं. लागलं ते कोरडं, गुळगुळीत, आणि त्याखाली एक संथ ताकद, की बोटं मागे घ्यायचं भान राहिलं नाही.

कुणकुण लागून आलेल्या काठीवाल्यांना तोंड द्यायला ती स्वतः दारात उभी राहिली, पण पोराला अट घातली. पेटीला कुलूप लाव, आणि प्रत्येक दार वाजवून सांग, माझ्याकडे हे आहे. त्याने दारं वाजवली, शिव्या खाल्ल्या. घरमालकाने कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि तोंड वाकडं करून गप्प बसला.

वॉर्डाच्या सभेत सरसकट बंदीचा ठराव आला, तेव्हा मावशी उठली. नगरसेविकेने विचारलं, बाई, तुमच्याच दुकानात निघाला ना? मग बंदी नको कशी म्हणता?

"विषारी, माणूस फाडणारं घरात नकोच," मावशी म्हणाली. "बाकीच्यांची नोंद करा, पेटी तपासा, आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडून काढून घ्या. पण नुसती बंदी घातलीत तर ही जनावरं जायची नाहीत, लपतील. त्या पोराला सुटला म्हणून ओरडायची सोय असती, तर मी तापल्या इस्त्रीनिशी त्याच्यासमोर उभी राहिले नसते."

ठराव पुढच्या सभेवर गेला. विरोधात अजून पुष्कळ जण आहेत, आणि त्यांची भीती खोटी नाही. म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच: तुमच्या घरात असं जनावर असेल, तर आज शेजारचं दार वाजवा. आणि नसेल, तर सभेला या, आणि मावशीच्या बाजूने हात वर करा.