जयानं मागितलेली शपथ

जया माझी शेजारीण. सामरवरणीच्या चाळीत आमची भिंत एकच, त्यामुळे तिच्या घरातलं सगळं मला ऐकू येतं, आणि ऐकून गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. तिचा नवरा सुकदेव मसाटला धाग्याच्या कंपनीत. तीही तिथंच पॅकिंगला होती, पण अंग असं दुखायला लागलं की उभं राहवेना. झोपून उठली तरी थकलेली. नुसता हात लागला तरी कळवळायची. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं नॉर्मल. शेवटी वापीच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. म्हणाल्या, रिपोर्टमध्ये दिसत नाही, पण दुखणं खरं असतं.

घरच्यांना समजावायची तिनं काय कमी खटपट केली? "चिकनगुनियानंतर अंग कसं ठेचल्यासारखं होतं, तसं माझं रोज असतं. एखाद्या दिवशी बरं वाटतं, त्या दिवशी हसते, म्हणून मी खोटी का?" पण आमच्याच चाळीत राहणारी तिची मोठी जाऊ चंदा, तिच्या जिभेला हाड नाही. नळावर उभी राहून सांगायची, "रिपोर्ट नॉर्मल आहे. कामाच्या वेळीच बरं दुखतं." सुकदेव ऐकून घ्यायचा. श्रावणात त्यानं आणि चंदानं मिळून ठरवलं, कानबाईचा सण झाला की जयाला माहेरी साक्रीला सोडून यायचं. परत कधी आणायचं ते कोणी बोललं नाही. तिची दुसरीतली पोर मात्र इथंच राहणार. माझं डोकंच फिरलं.

आम्हा खानदेशवाल्यांची कानबाई म्हणजे नारळाची देवी, नथ आणि डोळे लावून बसवलेली. तिच्यासमोर खोटी शपथ घ्यायची कोणाची छाती नाही. सोमवारी सकाळी विसर्जनाला सगळे भाऊबंद जमले. देवी उचलणार, तेवढ्यात जया पुढे झाली. आवाज चढवला नाही.

"चंदाताई, देवीवर हात ठेवा. म्हणा, जया नाटक करते. खोटं असेल तर हेच दुखणं मला लागू दे, जन्मभर."

चंदा हसली. मग हसू गेलं. "देवाधर्मात हे काय काढलंस?" म्हणत तिनं हात पदराखाली घेतला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण जया थांबेना. गावाहून आलेल्या सासूकडे वळली. सासूनं तोंड फिरवलं. मग सुकदेवकडे.

"आता तुम्ही."

"जाऊ दे ना. सगळ्यांसमोर कशाला?"

"नळावर सगळ्यांसमोरच चाललं होतं. ठेवा हात."

त्याचा हात वर आला आणि तिथंच थांबला. "मला नाही लावून घ्यायचं ते दुखणं," तो पुटपुटला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," जया म्हणाली. "पहिल्यापासून."

माहेरी कोणी गेलं नाही. विसर्जनाहून आल्यावर जयानं सुकदेवचे कपडे पिशवीत भरले, पिशवी चंदाच्या दारात नेऊन ठेवली आणि पोरीला घेऊन आतून कडी लावली.