दत्ताकाकांनी लपवलेली फिल्म

दत्ताकाका गेल्याचं त्यांच्या मुलाने, रोहनने, फोनवर सांगितलं. "बाबा इज गॉन," एवढंच म्हणाला. त्याला महिना झाला. मला मात्र काका अजून त्यांच्या सॅन होजेच्या घरी माझ्या लॅपटॉपसमोर रडतानाच दिसतात.

जुनी फिल्म कॉम्प्युटरवर घ्यायला त्यांनी मला बोलावलं होतं. पन्नासेक वर्षांपूर्वी, सॅन फ्रान्सिस्कोत शिकताना, ते एका लॉजमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या म्हाताऱ्या फिलिपिनो शेतमजुरांचं चित्रण करत होते. त्यांच्या देशातल्या बायका इथे जवळजवळ नव्हत्या आणि गोऱ्या बायकांशी लग्नाला तेव्हा कायद्याची बंदी, म्हणून आयुष्यभर एकटी राहिलेली ही माणसं. त्यांतले बेनितो दत्ताकाकांना जेवू घालत. तरुणपणी गोऱ्यांच्या जमावाने आपली झोपडी पेटवली, शेजारी झोपलेला मित्र गोळी लागून मेला, हे त्यांनी भात वाढता वाढता सांगितलं होतं.

मालकाला लॉज पाडायचं होतं, म्हणून पोलीस या म्हाताऱ्यांना बाहेर काढायला येणार होते. त्यांना अडवायला दारासमोर शेकडो माणसं हातात हात गुंफून उभी राहिली. काका वर, बेनितोंच्या खोलीत होते. फिल्ममध्ये खिडकीतून दिसतं : पोलिसांचे घोडे गर्दीत घुसतात, दंडुके डोक्यांवर बसतात, एक मुलगी तोंडातलं रक्त ओंजळीत धरून खाली बसते. मग घणाचे घाव दारावर. आत बेनितो आरशासमोर शांतपणे केस विंचरत असतात. दार फुटतं. पोलीस त्यांना पायाला धरून जिन्यावरून ओढतात. पायरीपायरीला डोकं आपटतं. मग कॅमेरा पडतो, पुढे नुसती जमीन दिसते. तिथे दंडुका बसून काकांचं कोपर मोडलं.

बेनितोंचा एक कान कायमचा गेला. त्यांच्या वकिलांनी पोलिसांविरुद्धच्या केससाठी फिल्म मागितली. काका स्टुडंट व्हिसावर. देशाबाहेर काढतील या भीतीने त्यांनी ती खराब झाल्याचं सांगितलं. केस हरली. "तरीही बेनितो मला जेवायला बोलवत राहिले," काका मला म्हणाले. "मीच गेलो नाही."

गेल्या वर्षी फिलिपिनो वस्तीतल्या हॉलमध्ये त्यांनी ती फिल्म दाखवली आणि सगळ्यांदेखत आपलं खोटं कबूल केलं. काहीजण उठून गेले. बेनितोंची पुतणी, सत्तरीची बाई, उभी राहिली. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "पण माझे काका केस विंचरतात, तेवढं परत लावा." आम्ही ते तीनदा लावलं.

त्याच दृश्याचा फोटो काकांनी खोलीत लावला होता. परवा मी काकूंकडे गेले, तर रोहन सामान बांधत होता. काकू आता त्याच्याकडे ॲरिझोनात, चँडलरला जाणार. नवं घर कसं आहे, त्यांची खोली कुठली, हे तो त्यांना फोनवर दाखवू लागला. काकूंनी तिकडे पाहिलंच नाही. फोटो स्वतः उतरवून पदराने पुसत म्हणाल्या, "माझी खोली नंतर. आधी बेनितोंसाठी भिंत बघ."