चांगल्या नगांचा रकाना

दिघेजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजवाड्यापाशी आईच्या चष्म्याची दांडी बदलून घेत होते. फोन त्यांच्या मुलीचा होता. "विभामावशी, बाबा गेले. चहा झाला, पेपर वाचत बसले होते, आणि..." पुढे तिला बोलवेना. दुकानदार काच पुसून चष्मा माझ्यापुढे धरून उभा होता, मागून आटोवाला हॉर्न वाजवत होता. मला रडू आलं नाही. फक्त खूप दमल्यासारखं झालं, आणि दीड महिना होत आला तरी तो थकवा अंगातून गेलेला नाही.

सांवेर रोडवर पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही दोघं अठरा वर्षं क्वालिटीच्या एकाच खोलीत बसलो. ते माझे वरिष्ठ. उंच, सडपातळ, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. कुणाची चूक दाखवायची झाली की त्यांचा आवाज उलट खाली जायचा, इतका, की मशीनच्या घरघरीत आपल्याला कान पुढे करावा लागायचा. त्या खालच्या आवाजाची मला भीती वाटायची. माझ्या बाबतीत तो सगळ्यात खाली गेला, त्याची ही गोष्ट. ती मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही.

नोकरीचं माझं तिसरं वर्ष. दिघेजी पत्नीच्या आजारपणामुळे रजेवर होते. लेथवर कातकाम करणारे दोन कारागीर होते, गौतमपुऱ्याचा कैलाश आणि दुसरा रमेश. त्या महिन्यात चाळीस नग नापास झाले. कातल्यावर आतून बारीक छिद्रं दिसायची. मालकांनी विचारलं, "किसका माल है ये?" मी रजिस्टर काढून मोजलं. चाळीसपैकी तीस कैलाशचे. तसं लिहून, खाली सही करून दिलं. दुसऱ्या दिवशी कैलाशला गेटवरूनच परत पाठवलं. त्याने डबा सायकलला अडकवला आणि तो गेला म्हणे.

आठवड्याने दिघेजी आले. माझा कागद त्यांनी वाचला, परत वाचला. मग अगदी हळू विचारलं, "आणि चांगले किती?"

मला प्रश्नच कळला नाही. चांगले नग कोण मोजतं?

त्यांनी माझ्याच कागदाच्या पाठीवर चौकट आखली. आडव्या ओळी दोन, कैलाश आणि रमेश. उभे रकाने दोन, चांगले आणि खराब. मला गोदामाची वही आणायला पाठवलं. कैलाशने त्या महिन्यात सहाशे नग केले होते, त्यातले तीस खराब. रमेशने दोनशे, त्यातले दहा. "आता बघ. कैलाशचे वीस नग घेतले तर एक खराब. रमेशचेही वीस घेतले तर एकच. म्हणजे हात कुणाचा, याच्याशी खराबीचा संबंधच नाही. तू विचारलंस, खराब मालात कैलाशचा किती? विचारायला हवं होतं, कैलाशच्या मालात खराब किती? वाक्य तेच वाटतं, विभा... पण तेच नाही. तो कामच तिप्पट करत होता."

मग त्यांनी शेजारी दुसरी चौकट आखली. नावांऐवजी ओतकाम कुठून आलं ते लिहिलं. जुन्या फाउंड्रीचे सहाशे, त्यात खराब आठ. नव्या फाउंड्रीचे दोनशे, त्यात खराब बत्तीस. म्हणजे छिद्रं ओततानाच पडत होती. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. नवी फाउंड्री मालकांच्या मेहुण्याची होती, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

तो कागद घेऊन ते आत गेले. मी दाराशी होते. मालक म्हणाले, "दिघेजी, अब छोड़ो भिया. आदमी गया, बात गई." दिघेजी उठले नाहीत. जेवणाची सुट्टी संपली तरी आतच होते. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, "परत घेतायत. रविवारी गौतमपुऱ्याला जाऊन सांगून येतो. येतेस?"

मी म्हटलं, मुलीची परीक्षा आहे. परीक्षा होती, खोटं नव्हतं. पण ती लगेच नव्हती, पुढच्या महिन्यात होती.

ते एकटेच बसने गेले. सोमवारी म्हणाले, "नाही येत म्हणाला. शेती बघतो." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मला टोचून एक शब्द नाही. मात्र त्या दिवसापासून आमच्या रजिस्टरमध्ये चांगल्या नगांचाही रकाना आला, आणि तो रोज मीच भरत आले. पुढे मालक बदलले, दिघेजी निवृत्त झाले, मला वाटलं, सगळं मिटलं.

तेराव्याला त्यांच्या घरी गेले तर कोपऱ्यात पांढऱ्या टोपीतला एक माणूस बसला होता. केस पिकलेले, तळवे शेतकऱ्याचे. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. "मैडम, मैं कैलाश." दिघेजी दर वर्षी दिवाळीनंतर त्याच्या घरी जात, चहा पीत, मुलांची चौकशी करत, शेवटच्या बसने परतत, हे मला त्याच्याकडून कळलं. इतकी वर्षं समोर बसून मला याची गंधवार्ता नव्हती.

"पहली बार आए तब हाथ जोड़ के बोले, कैलाश, गिनती मुझसे गलत हुई. फिर हर बरस यही माफी," तो म्हणाला. "इतने बड़े आदमी... मैं तो शरमा गया."

खोलीत पंखा फिरत होता. मी म्हटलं, "उनसे नहीं हुई थी, कैलाशजी. वो तो छुट्टी पे थे. गिनती मैंने की थी. साइन भी मेरी थी."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग दिघेजींच्या फोटोकडे वळून, मला नाही, त्यांनाच विचारल्यासारखं म्हणाला, "तो फिर हर बरस माफी माँगने आप क्यों आते थे, साहब?"